हलीमाबीचा जबाब, मुक्काम दोहा

जबाब देणार : हलीमाबी हसन, वय एकोणऐंशी, मूळ राहणार रत्नागिरी जिल्ह्यातील खाडीकाठचे एक गाव (प्रकरण चौकशीवर असल्याने गावाचे नाव येथे देत नाही), हल्ली राहणार कराची.

अर्जदार : जुलेखाबी, वरील बाईची सख्खी धाकटी बहीण, वय बहात्तर, राहणार वरील गावी, वडिलांच्या घरात.

साक्षीदार क्रमांक एक : श्री. देवरे, मूळचे नाशिकचे, हल्ली अल सद्द, दोहा, संगणकाच्या नोकरीत.

साक्षीदार क्रमांक दोन : मोइदू, मूळचा केरळचा, अल मन्सूरा भागातील एका खाणावळीचा व्यवस्थापक.

ठिकाण कतार देशाची राजधानी दोहा. वार शुक्रवार, वेळ जुम्म्याच्या नमाजानंतरची.

लेखक : दत्ताराम गोविंद पाष्टे, अर्जनवीस, शिक्षण आठवीपर्यंत, अनुभव तेहतीस वर्षे.

हा तपशील प्रथम देण्याचे कारण असे की, परदेशाहून परत आलेले लोक विमानाच्या खिडकीपासून सुरुवात करतात आणि कामाचे शेवटी सांगतात, किंवा सांगतच नाहीत. मी कामासाठी गेलो होतो. कचेरीच्या आवारातील चिंचेखाली माझे टेबल आहे आणि आजपर्यंत माझा एकही अर्ज अपुऱ्या माहितीच्या कारणावरून परत आलेला नाही. तेव्हा वाचकांनाही माहिती अपुरी मिळणार नाही.

प्रकरणाची हकीकत अशी. जुलेखाबीचे वडील हसनमियां दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांच्या मालवाहू बोटीवर खलाशी होते. जपानी पाणबुडीने ती बोट बुडवली. हसनमियां एका फळीला धरून दोन दिवस तरंगले आणि वाचले. महायुद्ध जिंकूनही इंग्रज थकले, त्यांनी आपले राज्य आवरले, आणि आवरताना एका देशाचे दोन देश झाले. हसनमियां आपल्या गावी, आपल्या घरी राहिले. पुढे थोरल्या हलीमाचे लग्न नात्यातल्याच, कराचीत नोकरीला असलेल्या मुलाशी झाले. त्या काळी मुंबईहून कराचीला बोट जात असे, आणि त्या बोटीत बसणे म्हणजे परदेशी जाणे असे आमच्याकडे कोणी समजत नसे. दोन वर्षांनी पासष्टची लढाई झाली, बोट बंद पडली, आणि हलीमाबी तिकडची ती तिकडेच राहिली.

हसनमियां वारल्यावर दोन्ही मुलींची नावे वारस म्हणून लागली. त्यानंतर कितीतरी वर्षे कोणी काही विचारले नाही. गेल्या वर्षी मात्र जुलेखाबीला नोटीस आली. एक वारस पाकिस्तानात असल्याने ही मिळकत शत्रूची मालमत्ता ठरते किंवा कसे याची चौकशी होईल, तोवर घराला हात लावू नये, आणि ठरल्यास ताबा घेतला जाईल. सात-बाऱ्यावर हलीमाबीच्या नावापुढे कंसात ‘शत्रू’ असा शेरा पडला. वादळात उडालेल्या छपरावर जुलेखाबीने ताडपत्री टाकलेली होती, ती तशीच राहिली.

वकीलसाहेबांनी सांगितले, की थोरलीचा लेखी जबाब आणा. माझा या घराशी काही संबंध नाही, माझे नाव कमी करावे, हे त्यात असायलाच हवे. साक्षीदार दोन, आणि तेही ज्यांचा या घरात काही हितसंबंध नाही असे. हलीमाबीला इकडे येण्याचा परवाना मिळेना, जुलेखाबीला तिकडे जाता येईना. तेव्हा जुलेखाबीच्या मुलाने, इम्तियाजने, तोड काढली. तो कतारमध्ये रास लफानच्या वायूच्या कारखान्यात तंत्रज्ञ आहे. हलीमाबीची नात सना तिथेच परिचारिका आहे. दोघी म्हाताऱ्यांनी दोह्याला यावे, असे ठरले. दोन्ही देशांच्या माणसांना तो देश येऊ देतो.

आता मी का गेलो. जबाब मराठीत हवा होता, आणि जुलेखाबीने आयुष्यात विमान जमिनीवर उभे असलेलेसुद्धा पाहिलेले नव्हते. सोबत हवी होती. एवढे कारण मी सर्वांना सांगितले आणि ते खरे आहे. परंतु आणखी एक कारण होते. नोटिशीसोबत जुन्या वारस अर्जाची नक्कल आली होती. जुलेखाबीने ती माझ्या टेबलावर ठेवली तेव्हा मी अक्षर ओळखले. ते माझे होते. मी नुकताच टेबल मांडून बसलो होतो, तेव्हा तिचे यजमान उस्मानभाई माझ्याकडे आले होते. शेजारच्या टेबलाचे वयस्क अर्जनवीस मला म्हणाले होते, “तिकडे गेलेल्या लेकींची नावं आपण घालत नाही. सगळेच सोडून देतात.” मी म्हणालो होतो, “अपुरा अर्ज मी लिहीत नाही.” आणि वारस क्रमांक एक, हलीमा, वय, पूर्ण पत्ता, राहणार कराची, असे वळणदार अक्षरात लिहिले होते. उस्मानभाई पुढे वारले. अर्ज कोणी लिहिला हे जुलेखाबीला माहीत नव्हते, आणि मी सांगितले नाही.

मुंबईहून विमान सकाळी सुटले. जुलेखाबी खिडकीपाशी, मी मध्ये.

“दत्तारामभाव, हा पट्टा कैसा लावाचा?”

मी लावून दिला. समोरच्या लहान पडद्यावर नकाशा होता आणि त्यावर विमान मुंगीसारखे सरकत होते. खाली निळे पाणी पाहून ती म्हणाली, “हा दर्या आपलाच ना?”

“आपलाच, भाभी. अरबी समुद्र.”

“मग बापूस ह्याच दर्यात तरंगला.”

पडद्यावर उजव्या अंगाला कराची असे नाव आले. मी तिला दाखवले. तिने काचेला कपाळ लावले. खाली ढगांखेरीज काही नव्हते. ते नाव पडद्यावरून जाईपर्यंत आणि गेल्यानंतरही बराच वेळ तिने मान वळवली नाही. हवाई सुंदरीने आणलेला पुलाव गार झाला.

दोह्याचा विमानतळ इतका चकचकीत आहे की आपली चप्पल आपल्यालाच दिसते. परवाना तपासणाऱ्या तरुण अधिकाऱ्याने माझ्याकडे पाहून न पाहिल्यासारखे केले आणि शिक्का मारला. पुढे सामानाच्या तपासणीत मात्र अडले. जुलेखाबीच्या पिशवीत प्लास्टिकच्या डब्यात काळी चिकट वस्तू आढळली. बुरख्यातील अधिकारी बाईने डबा उघडून माझ्यापुढे धरला.

“हे काय?” तिने हिंदीत विचारले. तिथे हिंदी सर्वांना थोडी थोडी येते.

“आमसूल. फळाची साल. आमटीत घालतात,” मी शक्य तितक्या अधिकृत सुरात म्हणालो.

जुलेखाबीने मला बाजूला केले, एक आमसूल उचलून स्वतःच्या तोंडात टाकले आणि दुसरे त्या बाईपुढे धरले. बाईने वास घेतला, आंबटपणाने नाक मुरडले आणि हसली. “खलास (झाले), यल्ला (चला), हज्जा,” ती म्हणाली. तिकडे वयस्क बाईला मानाने हज्जा म्हणतात, मग ती हजला गेलेली असो वा नसो. जुलेखाबी दिवसभर त्या शब्दावर खूश होती.

इम्तियाजची खोली अल मन्सूरा भागात आहे. इमारती जुन्या, खाली किराणा, शिंपी, न्हावी, आणि दर दहा पावलांवर आपल्याकडील खाणावळी. मालक कोणी कोट्टयमचा, कोणी सिल्हेटचा, कोणी पेशावरचा. इम्तियाजने आम्हांला ‘करक’ (वेलची घालून आटवलेला दुधाचा चहा) पाजला. हा चहा घेताना वरील सर्व देशांची माणसे एकाच कट्ट्यावर उभी होती आणि क्रिकेटवरून एकमेकांना टोमणे मारीत होती. पेशावरचा एक टॅक्सीवाला आमच्या इम्तियाजला म्हणाला, “तुम्हारा कप्तान तो सोया हुआ है, भाई.” इम्तियाज म्हणाला, “सोया हुआ जीत गया ना? जागा होता तो तुम रोते.” दोघांनी टाळी दिली. मी हे लक्षात ठेवले.

दुसऱ्या दिवशी साक्षीदाराची तजवीज करावयाची होती. आमच्या कचेरीतील एका कारकुनाचे जावई श्री. देवरे अल सद्दला राहतात. मी मेट्रोने एकटा निघालो. डब्यात गर्दी नव्हती, गाद्या मऊ होत्या, मी बसलो. दोन स्टेशने गेल्यावर गणवेशातील एक आफ्रिकन मुलगी अदबीने म्हणाली, “सर, फॅमिली?”

“येस, फॅमिली. वाइफ, टू चिल्ड्रन.”

तिने इकडे तिकडे पाहिले. “व्हेअर, सर?”

“ॲट होम. इंडिया.”

ती तोंडावर हात ठेवून हसली आणि मला शेजारच्या डब्यात नेऊन बसवले. तो डबा सहकुटुंब प्रवाशांसाठी राखीव होता. सूचना वरती स्पष्ट लिहिलेली होती, परंतु ती अरबीत आणि इंग्रजीत होती, हे नमूद करतो.

देवरे चाळिशीतले, सज्जन. त्यांच्या घरी पोहे झाले. मुलगी समजत होती सगळे, उत्तर मात्र इंग्रजीत देत होती. मी प्रकरण सांगितले. देवरेंनी बशी खाली ठेवली.

“काका, एक सांगू का? पाकिस्तानी बाईच्या कागदावर माझी सही म्हणजे... उद्या पासपोर्टच्या वेळी काही निघालं तर? माझं काँट्रॅक्ट दोन वर्षांचं. मला रिस्क नको.”

“आपण मजकुराचे साक्षीदार नाही. अंगठा समक्ष उठवला, एवढ्याचेच साक्षीदार.”

“ते तुम्हाला माहिती, मला माहिती. विचार करतो. चला, तोवर तुम्हाला गाव दाखवतो.”

त्यांनी आपल्या गाडीतून मला समुद्राकाठच्या रस्त्याने फिरवले. एका बाजूला काचेचे उंच मनोरे, दुसऱ्या बाजूला पाण्यावर जुनी लाकडी गलबते. ही गलबते आमच्याकडच्या खाडीत बांधली असती तर कोणी ओळखली नसती, इतकी ती आपल्यासारखी आहेत. देवरे सांगत होते, की इथेही इंग्रजांचाच शब्द चाले, आणि एके काळी या देशात आपला रुपयाच चलन होता. महायुद्धानंतर इंग्रज इकडूनही हळूहळू निघाले. मग तेल, मग वायू. आता वाळवंटात अमेरिकेचा मोठा तळ आहे, आणि अमेरिकेशी लढलेल्यांचे लोकही याच गावात वाटाघाटीला येऊन राहतात.

“आणि शेजाऱ्यांशी?” मी विचारले.

“ते तर विचारू नका. काही वर्षांपूर्वी शेजारच्या देशांनी एका रात्रीत सगळं बंद केलं. रस्ता बंद, विमानं बंद, बोटी बंद. दूध त्यांच्याकडून यायचं. इथल्या लोकांनी गायी विमानानं आणल्या, काका! खऱ्या गायी. नवरा एका देशाचा, बायको दुसऱ्या, अशी किती घरं अडकली. आम्ही डाळ-तांदूळ भरून ठेवले होते. साडेतीन वर्षं. आणि मग एक दिवस टीव्हीवर बघतो तर गळाभेट. खलास. लगेच रस्ता उघडा.”

“गायी परत पाठवल्या?”

“नाही हो. त्या इथंच. आता इथलंच दूध पितो आपण.”

मी विचारले, “देवरेसाहेब, ही आपली गाडी कोणत्या देशाची?”

“जपानी.”

“हसनमियांची बोट जपानने बुडवली. सरकारी कागदात तेव्हा जपान शत्रू होता. आता आपण त्याच्या गाडीतून हिंडता, पुण्या-मुंबईचे पूल त्याच्या मदतीने होतात. जर्मनी शत्रू होता, तिकडे आपली मुले शिकायला जातात. इथल्या शेजाऱ्यांनी साडेतीन वर्षांत मिटवले. जगातल्या सगळ्या शत्रूंचा शेरा कमी झाला. राहिला कोणाचा? जी बाई लग्न करून बोटीत बसली, तिचा.”

देवरे हसले, पण गाडी सिग्नलला उभी असताना त्यांनी स्टिअरिंगवर बोटे वाजवली. “काका, तुम्ही वकील व्हायला हवं होतं.”

“वकील मजकूर आमच्याकडून लिहून घेतात,” मी म्हणालो.

तरी त्यांनी येतो असे म्हटले नाही. इन्शाल्ला म्हणाले. तिकडे इन्शाल्ला या शब्दात होकार आणि नकार दोन्ही मावतात, असे इम्तियाजने मला सांगून ठेवले होते.

शुक्रवारी दुपारी आम्ही अल मन्सूरा येथील मोइदूच्या खाणावळीत वरच्या मजल्यावर बसलो. पडदा लावलेली कुटुंबाची खोली, एक लांब टेबल, वरती गार हवेचे यंत्र. मी सोबत नेलेले जाड कागद, कार्बन आणि अंगठ्याचा शाईपॅड मांडले. मजकूर मी आदल्या दिवशीच लिहून ठेवला होता.

पडदा सरकवून सना आली. निळ्या गणवेशातली, तिशीची. तिच्या दंडाला धरून हलीमाबी. पांढरी ओढणी, जाड चष्मा, आणि उंची जेमतेम टेबलाएवढी. जुलेखाबी उभी राहिली. साठ वर्षांहून जास्त काळाने दोघी समोर आल्या होत्या. मी अशा प्रसंगी काय होते हे पुष्कळ वेळा ऐकले आहे आणि रुमाल हाताशी ठेवला होता. तसे काही झाले नाही. दोघींनी एकमेकींना वरपासून खालपर्यंत न्याहाळले.

“जाडी झालीस तू,” हलीमाबी म्हणाली.

“आणि तू येवढीशी झालीस, बुबू (थोरली बहीण). कुठं गेलीस बाकीची?”

मग दोघी हसायला लागल्या, आणि हसता हसता एकाच खुर्चीवर टेकल्या, आणि मग मला रुमाल सनाकरवी दोघींना द्यावा लागला. साठ वर्षे कराचीत राहूनही हलीमाबीची बोली आमच्या खाडीकाठची होती. आता तर गावातल्या तरुणांच्याही तोंडी ती तशी उरलेली नाही.

“मागल्या दारचा रातांबा (कोकमाचे झाड) हाय?” तिने विचारले.

“वादळात पडला. पण मुळातनं फुटलाय. ही त्याचीच सोलां.” जुलेखाबीने आमसुलांचा डबा पुढे केला. हलीमाबीने एक आमसूल तोंडात ठेवले, डोळे मिटले आणि बराच वेळ ते चघळले नाही, नुसते ठेवून दिले. मोइदूने मासळीची आमटी, भात आणि पापड पाठवले. आमटीत चिंच होती. दोघी बहिणींनी मान हलवून एकमताने ती नापसंत केली, आणि आपापल्या वाटीत आमसूल पिळले.

जेवण झाल्यावर मी घसा साफ केला. आमच्या धंद्यात एक रीत आहे. ज्याला लिहिता-वाचता येत नाही त्याचा अंगठा घेण्यापूर्वी संपूर्ण मजकूर, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत, मोठ्याने वाचून दाखवायचा, आणि खाली लिहायचे, ‘वाचून दाखविले, ऐकून बरोबर आहे.’ पुष्कळ अर्जनवीस हे वाक्य लिहितात आणि वाचत नाहीत. मी तेहतीस वर्षांत एकदाही न वाचता हे वाक्य लिहिलेले नाही.

मी वाचू लागलो. पहिले कलम, नाव आणि वय. दुसरे, वडील हसनमियां आणि त्यांची बोट. तिसरे, लग्न. चौथे, वारस नोंदीसाठी आपण स्वतः कधी मागणी केली नाही. पाचवे कलम वकीलसाहेबांच्या सांगण्यावरून घातले होते, म्हणजे पत्ता कोणी लिहिला हे स्पष्ट व्हावे. मी त्या कलमावर थांबलो. समोर दोन म्हाताऱ्या, दोघींना अक्षरओळख नाही. इम्तियाज मोबाइलमध्ये पाहत होता. सोडून दिले असते तर कोणाला कळले नसते.

मी वाचले. “कलम पाच. सदर वारस अर्ज अर्जनवीस दत्ताराम गोविंद पाष्टे यांनी लिहिला असून, त्यात जबाब देणारीचा पत्ता कराची असा त्यांनी स्वतः होऊन नमूद केला. जबाब देणारीने तसे सांगितले नव्हते.”

इम्तियाजने मोबाइल खाली ठेवला. “काका, तुम्ही लिहिलात तो?”

“होय.”

“वर्षभर आमच्या घरी येऊन चहा पिताय. आई तुम्हाला देव मानते. आणि हे सगळं तुमच्यामुळे?”

“माझ्यामुळे. मी अपुरा अर्ज लिहीत नाही, याचा मला अभिमान होता.”

सनाने विचारले, “क्या हुआ? काका ने क्या लिखा था?” इम्तियाजने तिला हिंदीत सांगितले, शेरा काय आहे तेही सांगितले. सना आजीकडे पाहत राहिली. “दुश्मन? दादी? दादी तो बिल्ली से डरती हैं!”

जुलेखाबीने डब्याचे झाकण लावले, पुन्हा उघडले, पुन्हा लावले. तेहतीस वर्षांत माझ्या टेबलापुढे पुष्कळ माणसे बसली आहेत, पण त्यांच्यासमोर मी इतका वेळ मान खाली घालून बसलेला नव्हतो.

मग हलीमाबी पुढे वाकली. “म्हणजे बापूसच्या घराच्या कागदावर माझां नाव तू लिवलंस?”

“होय, बी. चूक झाली.”

“काय लिवलंस? सांग.”

मला ते पाठ होते. “वारस क्रमांक एक, हलीमा, मयताची थोरली मुलगी.”

“पुन्ना सांग.”

मी पुन्हा सांगितले. ती मागे टेकली. “बापूस मेला तेवा मना येऊ दिला नाय. खत आला, दोन महिन्यांनी. मना वाटायचा, गावात आता माझां नावसुद्धा कोणी घेत नसेल. आणि ह्या माणसानी पयला नंबर लावला.” तिने माझ्याकडे बोट केले. “सना, इसने पहला नंबर लिखा. बडी बेटी.”

मी पुढचे, शेवटचे कलम वाचले. “सबब माझा सदर घराशी कोणताही संबंध नसून माझे नाव कमी करावे.”

“नाय,” हलीमाबी म्हणाली.

“बुबू...”

“घर तुझां. मना भिंत नको, जमीन नको, आंबा नको. सगळा तुझा, तसा लिव. पण संबंध नाय असा मी नाय सांगाची. बापूस होता तो माझा. मग बाप म्हणून त्याचां नाव कोणच्या कागदावर ठेवू? कराचीत तर त्याला कोण वळखत नाय.”

इम्तियाजने डोके धरले. “मावशी, वकिलाने स्पष्ट सांगितलंय. नाव कमी झालं तरच केस सुटेल. आईचं घर जाईल.”

सर्वांनी जुलेखाबीकडे पाहिले. घर तिचे होते. ताबा गेला असता तर ताडपत्रीखालून तिलाच बाहेर पडावे लागले असते. तिने डबा बाजूला सारला.

“दत्तारामभाव, हक्क नाय आणि नाव हाय, असा लिवता येतो?”

“लिहिता येते. पण वकीलसाहेब म्हणतात तितके ते भक्कम नाही. धोका आहे, भाभी. मी आता काही लपवणार नाही.”

“धोका माझा. बुबूचां नाव नाय काढाचा. पण तो कंसातला शब्द काढ. तो काढ आणि दाखव, मग मी तुला माफ करीन. तवर नाय.”

मी नवा कागद घेतला. तेहतीस वर्षांत लिहिलेला माझा सर्वांत लहान जबाब आहे तो. वडील कधी देश सोडून गेले नाहीत, घर शेवटपर्यंत त्यांच्याच नावावर होते, म्हणून लढाईच्या काळात मी त्याची मालक नव्हते. आज माझी त्यावर काहीही मागणी नाही, सर्व हक्क धाकट्या बहिणीचा आहे. मी हसन यांची थोरली मुलगी आहे, ही नोंद खरी असून ती ठेवावी. माझ्या नावापुढील शेरा खोटा असून तो कमी करावा. एवढेच. मी ते दोनदा वाचले. दोघींनी ‘बरोबर’ म्हटले.

आता अंगठा. मी शाईपॅड उघडला तर तो वाळून खडखडीत. वाळवंटातील हवेपुढे आमच्या कोकणातील शाईचे काही चालले नाही. मोइदू खाली धावत गेला आणि खाणावळीच्या बिलांवर मारायच्या शिक्क्याचा लाल पॅड घेऊन आला. मोइदूला मराठी येत नव्हती, म्हणून मी त्याला हिंदीत सांगितले, की अंगठा समोर उठला हे फक्त पाहावे. त्याने इतके लक्षपूर्वक पाहिले की त्याचे नाक कागदाला लागले. हलीमाबीचा अंगठा भांड्यांनी आणि वयाने इतका झिजलेला होता की रेषा उमटेनात. तिसऱ्या खेपेला उमटल्या.

दुसरा साक्षीदार नव्हता. मी घड्याळाकडे पाहत होतो, तेव्हा पडदा सरकला आणि देवरे आत आले. पार्किंग मिळाले नाही म्हणाले. अंगठा पुन्हा त्यांच्यासमोर घेतला. त्यांनी जबाब वाचला. मग खिशातून स्वतःचे पेन काढले, सही केली, आणि मी न सांगता खाली पूर्ण पत्ता लिहिला, इमारत, मजला, सदनिका.

“अपुरा नको ना, काका,” ते म्हणाले.

निघताना दोघी बहिणी खाणावळीच्या दारात पुन्हा एकदा उभ्या राहिल्या. दोघींच्या अंगठ्यांना लाल शाई होती, कारण जुलेखाबीनेही अर्जदार म्हणून अंगठा दिला होता. रडण्याचे दोघींनी जेवणापूर्वीच उरकून घेतले होते. हलीमाबी म्हणाली, “रातांब्याला पाणी घाल.” जुलेखाबी म्हणाली, “बिल्लीला घाबरू नको.”

परतीच्या विमानात जुलेखाबीने पट्टा स्वतः लावला आणि माझा नीट लागला की नाही हे ओढून पाहिले. माझ्याशी ती मुंबईपर्यंत फारसे बोलली नाही. फक्त वाटेत विचारले, “आता कराची कोणच्या बाजूस?”

“डावीकडे, भाभी.”

तिची खिडकी उजवीकडची होती. तिने पलीकडच्या रांगेतील गृहस्थाला हाताने खुणावले आणि त्याच्याशी जागा बदलली.

आता मी माझ्या टेबलाशी परत आलो आहे. वाचकांनी विचारले तर सांगतो, दोहा सुंदर आहे, उन्हाळ्यात जाऊ नये, करक अवश्य घ्यावा. मोठी युद्धे कशी मिटतात हे मी तिथे काचेच्या मनोऱ्यांकडे पाहून समजून घेण्याचा प्रयत्न केला. मला एवढे समजले, की देश आपापले शेरे बदलतात, आणि त्यांची वहीसुद्धा कोणी तपासत नाही. माझ्या वहीतला शेरा मात्र मलाच बदलून घ्यावा लागेल. वारस अर्जातील पत्ता मी लिहिला, या आशयाचे माझे स्वतःचे प्रतिज्ञापत्र मी जबाबासोबत जोडले आहे. अर्जनवीसाने स्वतःविरुद्ध लिहिलेला तो माझ्या माहितीतील पहिलाच कागद आहे, आणि त्यातही माहिती अपुरी नाही.

तरी सर्व संबंधितांस विनंती की, सोबतचा जबाब, साक्षीदारांच्या सह्या व माझे प्रतिज्ञापत्र विचारात घेऊन, हलीमा हसन यांच्या नावापुढील ‘शत्रू’ हा शब्द कमी करण्यात यावा, ‘थोरली मुलगी’ हे शब्द आहेत तसे ठेवण्यात यावेत, आणि जुलेखाबी यांना छप्पर घालण्यास परवानगी मिळावी. निर्णय लेखी कळवावा. त्याची एक प्रत कराचीस पाठवायची आहे व तेथे ती मोठ्याने वाचून दाखवली जाणार आहे. जबाब देणारीचे वय एकोणऐंशी असल्याने उत्तर शक्य तितक्या लवकर मिळावे.

आपला नम्र,
दत्ताराम गोविंद पाष्टे, अर्जनवीस